देवीनं तापवलेलं पाणी

सावरपाडा,
१६ डिसेंबर

दादा,

गोदूचा तुला आणि घरातल्या सगळ्यांना नमस्कार. पत्र पाहून दचकू नको. आम्ही सगळे हातीपायी धड आहोत, हे आधी वाच आणि मग बाकीचं.

माझ्या मितेशनं तुझ्या प्रितेशला फोन केला होता, पण माझं समाधान झालं नाही. कापडाच्या लूमनी चाळीस वर्षं ठोकून ठोकून तुझ्या कानांचं काय केलंय ते मला ठाऊक आहे. फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मग प्रितेशला विचारतोस, काय म्हणाली? त्यापेक्षा आपलं पत्र बरं. पाटीवर तूच मला अक्षरं शिकवलीस, ती मेली कशाला उपयोगी यायची?

मंगळवारी दुपारी जेवणं उरकून मी मागच्या दारी भांडी विसळत होते. कुत्री एकाएकी गप्प झाली. मग जमिनीखालून खडीचा ट्रक जावा तसा आवाज आला आणि माझ्यासमोरची ताटली आपली आपण सरकत सरकत दारापर्यंत गेली. मी तिच्याकडे बघतच बसले. मितेशनं भाविकाला धरून अंगणात आणलं, मग मला. गोठ्याची भिंत बसली, म्हशीला खरचटलं. पाड्यात अकरा घरांना भेगा पडल्या आणि चार संडासं आडवी झाली. अजून रोज एखादा हलका धक्का बसतो, म्हणून सगळे खळ्यावर ताडपत्रीखाली राहतोय. भाविकाला पाचवा महिना. मितेशच्या लग्नाला सहा वर्षं झाल्यावर देवीनं दिलेलं आहे, म्हणून तिला मी जागची हलू देत नाही.

तू भाऊबीजेला दिलेलं संडास मात्र ठणठणीत उभं आहे हो. लोक बहिणीला साडी घालतात, हिच्या भावानं संडास घातलं म्हणून करोनाच्या आदल्या वर्षी ज्या बाया पदराआड हसत होत्या, त्याच आता सकाळी डबा घेऊन माझ्या दारात रांगेत असतात. मी म्हणते, या गो, माझ्या भावाचं मोठं मन आहे, खड्डाही मोठा आहे.

काळजी करू नको. ऑपरेशनचा टाका जप.

तुझी गोदू


कामतघर, भिवंडी,
२२ डिसेंबर

गोदू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ताटलीकडे बघत बसलीस म्हणे! लहानपणी बैल अंगावर आला तेव्हाही तू त्याच्या शिंगांकडे बघत उभी राहिली होतीस. आता सासष्ट वर्षांची झालीस, धक्का बसला की आधी पळ.

इथं काय झालं ते ऐक. आमच्याकडे लूममुळे जमीन सदाचीच हलते, त्यामुळे धरणी हलली हे कोणाला कळलंच नाही. लाइट गेली, सगळे लूम थांबले, तरी पायाखाली थरथर चालूच, तेव्हा कामगार "भागो भागो" करत रस्त्यावर आले. मला ऐकू येत नाही, पण पायांना कळतं. सूनबाईनं, ऋतिकानं, मला जिन्यावरून ओढत खाली नेलं आणि वर मलाच रागावली, की बाबा, तुम्ही चप्पल शोधत होतात.

हर्नियाच्या टाक्यांमुळे डॉक्टर एसटीचे धक्के खाऊ देत नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात असतो. संडास टिकलं हे वाचून बरं वाटलं. बायांना येऊ दे, कोणाला नाही म्हणू नको. बारा फूट खोल खड्डा घेतलाय मी, एकच पण दमदार. तुझ्या हयातीत भरायचा नाही. तरी एकदा नीट बघून घे, कुठं चीर, कुठं खचलंय का.

भाविकाला थंडीत बाहेर झोपवू नको. तिला काय खावंसं वाटतं ते कळव.

केसरीनाथ


सावरपाडा,
४ जानेवारी

दादा,

आज तुला अशी बातमी सांगते की तुझा विश्वास बसायचा नाही.

भूकंपानंतर आपल्या वाडीतल्या विहिरीचं पाणी दोन दिवस गढूळ होतं. सगळा पाडा त्याच पाण्यावर, म्हणून जीव टांगणीला लागला होता. मग ते निवळलं. आणि आता बघावं तर सकाळी सकाळी विहिरीतून वाफा निघतात. हात घातला तर कोमट. वासही येतो, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडाच्या पायऱ्या उतरताना येतो ना गंधकाचा, तस्साच. थोडा कमी, पण तोच.

देवळात दिवाबत्ती करणारा हरी तू ओळखतोस. त्यानं ओंजळभर पाणी हुंगलं, डोळ्यांना लावलं आणि म्हणाला, "गोदूबाय, कुंडाचा झरा फुटलाय तुझे बावीत. धरनी हलली ती उगाच न्हाय. देवीनं वाट केली." त्याच दिवशी विहिरीच्या काठाला हळदकुंकू लागलं. आता दुसऱ्या पाड्यांतूनही बाया कॅन घेऊन येतात. ज्यांची घरं बसली त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा थोडी कळा आलीय, दादा. माणसाला वाटतं, गेलं ते गेलं, पण काहीतरी दिलं तरी.

मेघाली, आमची आशाताई, घरोघर सांगत फिरते की भूकंपानंतर पाणी उकळूनच प्या, औषधाचे थेंब टाकून प्या. हरीनं तिला विचारलं, "देवीनं तापवलेला पानी तू परत चुलीवर ठेवनार? देवीला काय शिजवता येत न्हाय?" सगळ्या बाया खो खो हसल्या. मेघालीही हसली, पण जाताना म्हणाली, "गोदूमावशी, विहीर तुमची आहे. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

आता तूच सांग, काय सांगू? तू पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस. तू लिहिशील तसं करीन.

भाविकाला कैरी हवी आहे. जानेवारीत!

गोदू


कामतघर,
९ जानेवारी

गोदू,

अगं, वाचता वाचता माझे डोळे भरून आले. आठवतं का, आईच्या गुडघ्यांसाठी बाबा तिला बैलगाडीत घालून अकलोलीला न्यायचे आणि आपण मागे लोंबकळत जायचो? त्या पाण्यासाठी माणसं कुठून कुठून येतात आणि ते चालत तुझ्या वाडीत आलं! एवढी धरणी हलल्यावर जमिनीतल्या वाटा बदलणारच. मला यात काही नवल वाटत नाही.

मेघालीचं काम तिनं केलं, तिला बोल लावू नका. पण हे पाणी उकळू नका. उकळलं की गंधक वाफेबरोबर निघून जातो आणि मागे राहतं ते नुसतं पाणी. एवढं मी खात्रीनं सांगतो. भाविकाला सकाळी अनशापोटी एक पेला दे, अंगातली उष्णता, पित्त, सगळं शमतं.

विपुलच्या दुधाच्या टेम्पोतून मला एक बाटली पाठव. माझा गुडघाही आईवर गेलाय.

कैरीचं लोणचं ऋतिकानं भरून दिलंय, त्याच टेम्पोतून पाठवतो.

केसरीनाथ


सावरपाडा,
२६ जानेवारी

दादा,

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी विहिरीपाशी उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. हरी म्हणाला, "बगा, भिवंडीचा मानूस बोलतो, शिकलेला." तू चौथी पास आहेस हे मी काही सांगितलं नाही. तुझं पत्र आता देवळाच्या भिंतीला चिकटवलंय. त्यापायी आता कोणी पाणी उकळत नाही, मेघालीच्या घरीसुद्धा तिची सासू उकळू देत नाही म्हणे.

मधे मेघालीनं तपासणीसाठी औषध घातलेल्या एका लहानशा बाटलीत विहिरीचं पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती बाटली काळी ठिक्कर. ती म्हणाली, यात घाण आहे. हरी म्हणाला, यात गंधक आहे, गंधकानं चांदीसुद्धा काळी पडते. आता दोघांतलं कोणाचं खरं मानायचं? लोकांनी हरीचं मानलं.

पाड्यात पाच-सहा जणांची पोटं बिघडली होती. हरी म्हणतो, पहिल्या पहिल्यांदा कुंडाचं पाणी अंगातलं जुनं सगळं बाहेर काढतं. असेल. माझंही चार दिवस बिघडलं, आता ठीक आहे. बाया अजून माझ्याकडेच येतात, रोज तीस-पस्तीस माणसं, तरी खड्डा म्हणून भरत नाही. पाणी ओतलं की गुडुप. तुझ्या हातचं काम!

भाविका तुझ्या सांगण्याप्रमाणे रोज पितळेचा पेला भरून पिते. सुरुवातीला नाक मुरडायची, मी म्हटलं, मामांनी सांगितलंय. मग डोळे मिटून पिते. तुझं लोणचं तिनं तीन दिवसांत संपवलं.

बाटली पाठवते आहे. घट्ट बूच लावलंय.

गोदू


कामतघर,
२ फेब्रुवारी

गोदू,

बाटली पोचली.

घाईत लिहितो आहे. ते पाणी पिऊ नका. प्यायचंच असेल तर खळखळ उकळून प्या, आणि भाविकाला तर उकळूनसुद्धा देऊ नको. तिच्यासाठी विपुलला सांगून विकतच्या पाण्याचे जार मागव, मी इथून बोलतो त्याच्याशी. मी इथल्या एका डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला की गंधकाचं पाणी गरोदर बाईला सोसत नाही. बाकीच्यांनाही फार दिवस चांगलं नाही.

भिंतीवरचं माझं पत्र काढून टाक.

आणि हो, संडासाची फरशी, भांडं कुठं खचलेलं नाही ना? सहज विचारतो. उलट टपाली कळव.

केसरीनाथ


सावरपाडा,
१२ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वाचून मला काही सुचेना. महिन्याभरापूर्वी तूच लिहिलंस उकळू नका, भाविकाला पेला दे. मी ते अख्ख्या पाड्याला वाचून दाखवलं. आता कोणत्या तोंडानं सांगू, की माझ्या भावानं मत बदललं? हरीला एकट्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "गंधकानं कोन मेला हाय गो आजवर? तुझा भाव भिवंडीच्या डाकतरांचा ऐकून घाबरला." मला ते पटलं, खरं सांगते. गंधक काय वाईट करणार? आपण तर लहानपणापासून त्यात डुंबलो.

तरी भाविकाला जारचं पाणी सुरू केलं. तुझा शब्द म्हणून.

संडास छान आहे. काही खचलेलं नाही.

भाविकाची तब्येत आठवडाभर जरा नरम आहे. अन्नाचा वास नको म्हणते, दिवसभर पडून असते. सातव्यात असं होतं काही बायांना. पण काल उन्हात बसली होती तर डोळ्यांचं पांढरं मला पिवळं दिसलं. हळदीचा हात डोळ्याला लागला असेल म्हणून आधी मी दुर्लक्ष केलं. आज नखंही पिवळी आहेत. उद्या मितेश तिला काविळीचं औषध देणाऱ्या बाईकडे नेतोय, तिच्या हाताला गुण आहे म्हणतात. मेघाली दवाखान्यात न्या म्हणून भांडून गेली. पाड्यात आणखी चौघं पिवळे आहेत.

दादा, तू नीट सांग ना, काय झालंय?

गोदू


सावरपाडा,
३ मार्च

दादा,

तू येऊन गेलास, तेव्हा काही बोलता आलं नाही, तुझ्याशी नाही आणि कोणाशीच नाही. तू अंगणात खुर्चीवर बसला होतास, मी आत होते. प्रितेश तुला घेऊन गेला तेव्हा मी खिडकीतून पाहिलं, तू गाडीत बसायच्या आधी मागच्या बाजूला जाऊन आलास.

तुला कोणी नीट सांगितलं असेल-नसेल म्हणून लिहिते. औषधवालीकडे भाविकाचे पाच दिवस गेले. मग दवाखाना, मग तिथून मोठा दवाखाना. तिथं ती मितेशला ओळखेना. मला म्हणाली, आई, म्हशीचं दूध काढलं का. सत्तावीस तारखेला गेली. बाळ आतच. मुलगी होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठलं पाणी पीत होती? मी सांगितलं, देवीचं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं, दादा.

मितेश जेवत नाही असं नाही. पुढ्यात ठेवलं की जेवतो.

गोदू


कामतघर,
७ मार्च

गोदू,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

तू पाठवलेल्या बाटलीचं बूच काढलं आणि मला त्याच क्षणी कळलं. तो वास गंधकाचा नव्हता. कामतघरच्या चाळींत पावसात गटारं तुंबली की घराघरांत जो वास भरतो, तो होता. माझे कान गेले, नाक शाबूत आहे. आणि थंडीत कुठल्याही विहिरीचं पाणी सकाळी कोमटच लागतं, वाफही निघते. लहानपणापासून हजार वेळा पाहिलेलं. यंदा आपण त्याच्याकडे दुसऱ्या डोळ्यांनी पाहिलं.

तुझ्या विहिरीत कुंडाचा झरा आलेला नाही. संडासाचा खड्डा विहिरीत उतरलाय. भूकंपानं जमिनीत चीर पडली असेल आणि तिथून वाट झाली. तू लिहिलंस तीस-पस्तीस माणसं आणि तरी भरत नाही, तेव्हाच माझ्या डोक्यात दिवा लागायला हवा होता. मी मात्र वाचून खूश झालो, की बघा, माझ्या हातचं काम.

जागा मी निवडली होती. पलीकडच्या बाजूला कातळ लागला म्हणून खड्डा विहिरीकडे घ्यावा लागला. पंचवीस फूट असेल, जास्त नाही.

दोन फेब्रुवारीला हे सगळं मला माहीत होतं. तरी मी तुला गंधकाचं, डॉक्टरचं नाव सांगितलं. मी कुठल्याच डॉक्टरला भेटलो नव्हतो. बहिणीला भाऊबीजेला दिलेल्या वस्तूनं सगळ्या पाड्याच्या पोटात घाण गेली, हे लिहायला माझा हात धजला नाही. वाटलं, उकळा म्हणून सांगितलं की झालं, कारण कशाला सांगायचं? कारण सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी विहिरीवर काटे टाकले असतेस. तुला मी ओळखतो.

त्या दिवशी मागे जाऊन मी पाहिलं. भांड्याभोवती नवं सिमेंट लिंपलेलं आहे. गोदू, मी तुला काही विचारत नाही.

पण लोक अजून ते पाणी पीत असतील तर ते आधी थांबायला हवं. तुझ्या सांगण्यानं थांबणार नाहीत, हरी तुला बोलू देणार नाही. म्हणून सोबत एक पुडी पाठवली आहे. आमच्या इथल्या डाइंगवाल्याकडून आणलेला कापडाचा रंग आहे. टाक्या कुठं गळतात हे शोधायला ते लोक असाच रंग टाकतात. निळा मुद्दाम घेतला. लाल घेतला असता तर हरीनं कुंकू म्हणून कपाळाला लावला असता. सगळ्यांसमोर पुडी बादलीत कालव, संडासात ओत आणि मागून दहा-बारा बादल्या पाणी सोड. त्या दिवसापासून विहिरीचं पाणी कोणी भरायचं नाही, टँकर मागवा, मेघालीला सांग. मग रोज विहिरीतली एक बादली पांढऱ्या भांड्यात ओतून बघा.

माझं हे पत्र सगळ्यांना वाचून दाखव. एकही ओळ गाळू नको. हवं तर मी येतो आणि स्वतः सांगतो.

केसरीनाथ


सावरपाडा,
१६ मार्च

दादा,

पत्र वाचलं. आधीचं जिथं उभी राहून वाचलं होतं, तिथंच. एकही ओळ गाळली नाही. वाचून झाल्यावर माझी म्हणून जी ओळ होती तीही सांगितली, आता तुला सांगते.

भूकंपाच्या त्या दुपारीच भांडं दोन बोटं खचलं होतं आणि फरशीला चीर गेली होती. मी मितेशकडून सिमेंट लिंपून घेतलं आणि तुला ठणठणीत म्हणून लिहिलं. तुझ्या पोटाला टाके होते. तू टाके सांभाळत बसला नसतास, एसटी धरून आला असतास. आणि खरं सांगू? तुझी भेट मोडली असं तुला लिहायला मला जड गेलं. तू फेब्रुवारीत विचारलंस तेव्हाही मी नाहीच म्हणाले, कारण दोन महिने झाल्यावर हो कसं म्हणायचं? तू मला जपलंस, मी तुला जपलं, आणि मधे ती पोर होती.

रंग रविवारी दुपारी ओतला. सगळा पाडा जमला होता. पहिल्या दिवशी काही नाही. हरी म्हणाला, "बगा. देवी हाय ती." दुसऱ्या दिवशीही पाणी स्वच्छ. मला वाटलं तू चुकलास, आणि देवाशप्पथ, मी मनात म्हटलं, चुकू दे. तिसऱ्या दिवशी सकाळी मितेशनं बादली काढली आणि भाविकाच्या पांढऱ्या टोपात ओतली. शाळेतली पोरं रंगाचा ब्रश बुडवतात त्या पाण्यासारखं दिसत होतं. फिकट. पण निळं.

मग गणूची आई म्हणाली, "गोदूबाय, म्हंजे इतके दिस आमी तुझाच..." जनी फटकन म्हणाली, "तिचा एकलीचा कशाला? आपुनबी जात व्हतो ना तिथं." एक-दोघी हसल्या आणि हसता हसताच तोंडाला पदर लावून ओकायला धावल्या. मला वाटलं होतं लोक मला मारतील. तसं काही झालं नाही. ते मला घाबरून असल्यासारखे बाजूला झाले, ते जास्त लागलं.

हरीची नात पिवळी आहे, दवाखान्यात. त्यानं टोपात वाकून पाहिलं. मग टँकरचं एक कळशी पाणी आणून त्यानं विहिरीच्या काठावरचं हळदकुंकू धुऊन काढलं. कोणाला विचारलं नाही. भिंतीवरचं तुझं पत्र मेघालीनं काढलं, ती म्हणाली, मावशी, हे मी ठेवते. कशाला ते मी विचारलं नाही.

संडासाला कुलूप आहे. बाया परत शेतात जातात, सकाळी अंधारात. पाऊस यायच्या आत काही केलं नाही तर ती सगळी घाण वाहत परत विहिरीकडेच येणार, असं मेघाली म्हणते.

मितेश हे सगळं होईपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. काल रात्री जेवता जेवता म्हणाला, "मामाला लिही, येऊ नको." मग हात धुऊन परत आला आणि म्हणाला, "खड्डा कुठं घ्यायचा, केवढा घ्यायचा, ते सगळं कागदावर लिहून पाठव म्हनावं. मी खनतो."

तेवढंच. तू त्याच्याच नावानं लिही.

गोदू


कामतघर,
२० मार्च

मितेश,

आईनं तुझा निरोप कळवला. मी येत नाही. हे पत्र माफीचं नाही, तू विचारलंस तेवढंच लिहितो. इथल्या एका निवृत्त ओव्हरसिअरला दोनदा भेटलो आणि या वेळी त्याचं सगळं लिहून घेतलं.

आधी जुना खड्डा. मैला उपसणाऱ्या गाडीनं रिकामा करून घे, स्वतः आत उतरू नको, आतली हवा माणूस मारते. मग चुना टाकून मुरुमानं दाबून बुजव. विहीर पूर्ण उपसून काढ, गाळासकट, आणि मेघाली देईल ती पावडर ती सांगेल तेवढी टाक. पाणी झिरपून भरलं की परत उपस. असं तीनदा. त्यानंतर तपासणीचा कागद हातात येईपर्यंत ते पाणी म्हशीलाही पाजू नको.

नवे खड्डे दोन घे, एक नाही. प्रत्येक चार फूट खोल, साडेतीन फूट रुंद. एक भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. दीड-दोन वर्षांनी पहिल्यातल्या सगळ्याची माती झालेली असते. कडेनं विटांची जाळी ठेव, तळ उघडा ठेव. खोल नेऊ नको. मला वाटायचं खोल म्हणजे चांगलं. खोल गेलं की ते खालच्या पाण्याला भेटतं, हे मला या वयात कळलं.

जागा पलीकडची घे, उताराच्या खालची. विहिरीपासून पन्नास फूट तरी हवं. जमीन भेगाळलेली आहे म्हणून साठ घे.

आईला लिहिलेल्या पत्रात मी म्हटलं, की पलीकडे कातळ लागला म्हणून खड्डा विहिरीकडे घेतला. तू खणायला लागशील तेव्हा तुला कळेलच, म्हणून आधीच सांगतो. ते खोटं आहे. पलीकडे कातळ आहे की नाही, मला माहीत नाही. मी तिकडे पहार मारूनही पाहिली नव्हती. त्या दिवशी मी विहिरीपासून पावलं मोजत निघालो होतो. नऊ झाली होती. तुझ्या आईनं पडवीतून चहाचा कप वर करून दाखवला. मी जिथं होतो तिथंच पहार रोवली आणि चहा प्यायला गेलो.

तू टेप लाव.

केसरीनाथ